डीएस-२६० भरून झाला, मग घरात पाळणा हलला: आता काय कळवायचं?

गुरुजी, नमस्कार.

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आर-१ व्हिसावर, म्हणजे धार्मिक काम करणाऱ्यांच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेतल्या एका देवळात पाच वर्षं पुजारी होतात. देवळानं तुमच्या ग्रीन कार्डासाठी आय-३६० हा अर्ज दाखल केला, तो मंजूरही झाला. पण व्हिसाच्या रांगेतल्या तारखा पुढे सरकेनात आणि आर-१ची मुदत संपली, म्हणून सगळे मिरजेला परतलात. मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे, फी भरून डीएस-२६०, म्हणजे कायमच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, पाठवलात. त्यानंतर मिरजेतच मुलगी झाली, पासपोर्ट नवा आला, बिऱ्हाड पुण्याला हललं, आणि तिकडे देऊळ नव्या वास्तूत गेलं, अध्यक्ष बदलले. मेहुणे म्हणतात, "आता कशाला हात लावू नका, फाइल खाली जाईल." तुमचा प्रश्न: कळवायचं की गप्प बसायचं?

कळवायचं. पण कोणती गोष्ट लगेच कळवायची, कोणती गोळा करून एकदम, आणि कोणती सरळ मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीवर, मुलाखतीत सांगायची, यात फरक आहे, आणि लोक गोंधळतात ते तिथेच.

मी वकील नाही. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फायलींचे कागद लावण्याचं काम बरीच वर्षं करते, आणि त्यात देवळांच्या फायली भरपूर असतात. कायद्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या देवळाच्या वकिलांचा. मी सांगते ते, फाइल नेमकी कुठे अडते हे पाहून पाहून बनलेलं मत.

मेहुण्यांच्या भीतीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक रांगेतली जागा, दुसरी फाइलची तपासणी. रांगेतली तुमची जागा ठरते ती देवळाचा आय-३६० ज्या दिवशी दाखल झाला त्या तारखेवर. मुलीचं नाव घातलंत, पासपोर्टचा नंबर बदललात, पत्ता सुधारलात, तरी ती तारीख हलत नाही. तपासणीचं मात्र थोडं वेगळं आहे. एनव्हीसीनं तुमचे कागद "पूर्ण" म्हणून शिक्का मारला असेल आणि तुम्ही नवा सदस्य जोडलात, तर त्या सदस्याची फी, फॉर्म आणि कागद होईपर्यंत फाइल पुन्हा तपासणीत जाऊ शकते. यात किती वेळ जाईल हे त्या वेळच्या गर्दीवर असतं, त्याचा आकडा कुणी देऊ नये.

पण हा वेळ तुम्हाला खरंच महाग पडतो का, ते बघा. तुमचा वर्ग ईबी-४, म्हणजे रोजगारावरच्या कायमच्या व्हिसांचा चौथा वर्ग. रोजगाराच्या १,४०,००० व्हिसांपैकी ७.१ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण ९,९४०, एवढेच या वर्गाच्या वाट्याला येतात, आणि पुजारी, पाद्री, इमाम सोडून इतरही बरेच लोक त्यात मोडतात. एप्रिल २०२३पासून मोजणीची पद्धत बदलली. एल साल्वादोर, ग्वाटेमाला आणि होंडुरासची आधी वेगळी मोजली जाणारी प्रकरणं याच रांगेत आली आणि सगळ्यांच्या तारखा मागे गेल्या. तुमचे हाल झाले ते त्यामुळेच. २०२५च्या सरकारी वर्षातले ईबी-४ व्हिसा तर फेब्रुवारीअखेरच संपले होते, आणि वर्ष संपतं ३० सप्टेंबरला. अशा रांगेत फाइल काही आठवडे तपासणीत गेली तर बिघडत काही नाही. रांगेत तुमच्या तारखेचा नंबर लागल्यावर, मुलाखतीचं पत्र हातात आल्यावर मुलीची आठवण काढलीत तर मात्र बिघडतं.

तुम्ही पुजारी आहात म्हणून तुमच्याच व्यवसायातलं सांगते. संकल्प सोडताना आजची तिथी, आजचा वार, आज जिथे बसलोय ते स्थळ म्हणतो. यजमानानं आमंत्रण दिलं त्या दिवसाची तिथी म्हणत नाही. डीएस-२६०चं तसंच आहे. मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीसमोर हात वर करून तुम्ही शपथ घेता की यातलं सगळं खरं आहे, तेव्हा ते त्या दिवशी खरं असावं लागतं. सव्वा वर्षापूर्वी सबमिटचं बटण दाबताना खरं होतं, हे पुरेसं नाही.

आणि गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली किंवा खोटी सांगितली असं अधिकाऱ्यानं ठरवलं, तर अमेरिकेची दारं आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतात, आणि त्यातून सुटण्याची सवलत फार थोड्यांना मिळते. याच्या उलट, अधिकाऱ्यानं बोट ठेवण्याआधी, स्वतःहून, वेळेवर केलेली दुरुस्ती ही लबाडी धरली जात नाही. फरक एवढाच की आधी कोण बोललं.

आता मुलीचं. तिचं काम लगेच करा. तुमच्या फाइलवर तिचा हक्क आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण एनव्हीसीला ती जन्मली हे आपोआप कळणार नाही. जन्मदाखला आणि पासपोर्ट दाखवून तिचं नाव जोडायला सांगायचं, तिची २०५ डॉलरची फी भरायची, तिचा स्वतंत्र डीएस-२६० भरायचा. तान्ह्या बाळाचाही भरायचा. मग तुमच्या आणि वहिनींच्या फॉर्ममध्येही अपत्यांच्या यादीत ती आली पाहिजे. इथे एक बारीक गोष्ट नेहमी राहते: बारशाआधी महापालिकेतून आणलेल्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत जाऊन आधी नाव लावून घ्या, मगच स्कॅन करा. नाव नसलेला दाखला चढवलात तर तो परत येणार, आणि मग तुम्ही म्हणणार, एनव्हीसी त्रास देते.

थोरल्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत की तो तिकडेच जन्मला, त्याचा अमेरिकन पासपोर्ट आहे, "म्हणून त्याला फॉर्ममध्ये टाकला नाही." त्याला व्हिसा नको, फी नको, हे बरोबर. पण तुमच्या डीएस-२६०त "तुमची अपत्यं" विचारली आहेत, "व्हिसा हवा असलेली अपत्यं" नव्हे. नागरिक असलेलं, बरोबर न येणारं, आधीच्या लग्नाचं, दत्तक घेतलेलं, सगळी मुलं तिथे यायला हवीत. तेव्हा फॉर्म उघडून घ्याल तेव्हा मुलीबरोबर मुलालाही लिहा. ही चूक फार होते आणि सहसा कुणाच्या मनात पाप नसतं, पण कागदावर मन दिसत नाही.

तुमची मुलं लहान आहेत, म्हणून एकविसाव्या वर्षाचा घोर तुम्हाला नाही. ज्यांची मुलं अठरा-एकोणीसची आहेत त्यांनी मात्र मुलाचं "कायद्यानं धरायचं वय" वकिलाकडून काढून घ्यावं, त्यात आय-३६० प्रलंबित होता ते दिवस वजा होतात. आणि त्या मुलाचं लग्न झालं तर तो या फाइलमधून बाहेर पडतो.

पासपोर्ट: जुना नंबर फॉर्ममध्ये आहे, तेव्हा फॉर्म उघडून मिळेल त्याच वेळी नवा घाला, आणि नव्या पासपोर्टचं पान पुन्हा चढवा. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यात तुमचा आर-१ आहे. मुलाखतीला दोन्ही न्यायचे. पोलिसांचा दाखला, म्हणजे पासपोर्ट सेवेतून मिळणारा पीसीसी, त्यांच्या लेखी दोन वर्षं चालतो. तुमचा जुन्या पासपोर्टवर, मिरजेच्या पत्त्यावर काढलेला आहे. तारीख जवळ आली की पुण्याच्या पत्त्यावरून नवा काढा, आत्ता काढलात तर तोही शिळा होईल. अमेरिकेतल्या पाच वर्षांसाठी तिथल्या पोलिसांचा दाखला लागत नाही. मात्र मध्ये कुठे तिसऱ्या देशातल्या देवळात वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिला असाल तर तिथला लागेल.

वहिनींच्या नावाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण मी काढते, कारण मराठी घरांच्या फायलींमध्ये तो हटकून निघतो. माहेरचं नाव जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर, लग्नात तांदळात लिहिलेलं नाव विवाहनोंदणीच्या दाखल्यावर, आणि पासपोर्टवर मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. हे आपल्याला इतकं रोजचं आहे की "इतर कोणतं नाव वापरलं आहे का" या प्रश्नाला आपण बेधडक "नाही" म्हणतो. तिथे "हो" म्हणा आणि सगळी नावं लिहा, माहेरचं पूर्ण नावही. पाळण्यातलं, हाक मारायचं नाव कागदावर कुठेही नसेल तर लिहिण्याची गरज नाही.

याच जातकुळीतला दुसरा प्रकार म्हणजे १ जून. आपल्याकडे एका पिढीचे वाढदिवस १ जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. पासपोर्टवर १ जून आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत श्रावणातली कुठली तरी तारीख, असं असेल तर घाबरून जुळणारा नवा दाखला "बनवून" घेऊ नका. मुलाखतीच्या तोंडावर, चाळीस वर्षांनी नोंदवलेला जन्म अधिकाऱ्याच्या डोळ्यांत सगळ्यात आधी खुपतो. दोन्ही कागद जसेच्या तसे न्या, शाळा सोडल्याचा दाखला बरोबर ठेवा आणि फरक का आहे ते एका पानावर साध्या इंग्रजीत लिहून द्या. पासपोर्ट दुरुस्त करावा की खुलासा पुरेल, हे फरक दिवसांचा आहे की वर्षांचा यावर ठरतं. वर्षांचा असेल तर वकिलांना आधी विचारा.

आता देऊळ. माझ्या मते तुमच्या फाइलचा खरा नाजूक भाग हाच आहे आणि तुम्ही तो शेवटच्या ओळीत लिहिलात. आय-३६० त्या देवळाच्या नावावर आहे, तिथल्या कामासाठी आहे. आयटीतले मित्र सांगतील की नोकरी बदलली तरी अर्ज चालू राहतो. ते कलम कंपन्या भरतात त्या आय-१४० अर्जासाठी आहे, तुमच्या अर्जाला लागू नाही. अध्यक्ष बदलले, विश्वस्त बदलले, त्याच गावात नवी वास्तू झाली, पण संस्था तीच आणि कर खात्याचा तिचा ओळख क्रमांकही तोच असेल, तर सहसा अर्ज टिकतो. फक्त बदलाचे कागद जोडावे लागतात. देऊळ दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, नवा क्रमांक घेतला किंवा दुसऱ्या राज्यात गेलं, तर गोष्ट वेगळी, नवा आय-३६० करावा लागू शकतो. यातलं नेमकं काय झालंय हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. ते देवळाच्या खजिनदारांना विचारा; अध्यक्षांना अनेकदा माहीत नसतं.

नव्या समितीकडून नव्या तारखेचं पत्र मागवा, देवळाच्या लेटरहेडवर: जागा अजून तुमच्यासाठी आहे, काम कोणतं, आठवड्याचे तास किती, वेतन आणि राहण्याची सोय काय. पत्र पाठवण्याआधी त्यांनी मूळ आय-३६० वाचलेला असावा, हे तुम्ही बघा. एका देवळाच्या नव्या समितीनं भाबडेपणानं लिहून दिलं होतं, "गुरुजी शनिवार-रविवारी आणि सणावाराला सेवा देतील." अर्जात होतं पूर्णवेळ, आणि कायद्यात पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी किमान ३५ तास. समितीला वाटलं भाविकांची गर्दी असते ते दिवस लिहिले. अधिकाऱ्यानं वाचलं की नोकरीच उरली नाही. पुढे खुलाशांची पत्रापत्री बरीच लांबली. शिवाय यूएससीआयएसचे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे, लोक न सांगता देवळात येऊन चौकशी करू शकतात. दारात भेटणाऱ्या माणसाला "पुण्याचे गुरुजी येणार आहेत" एवढं तरी ठाऊक असावं.

मधल्या काळात तुम्ही काय करता, तेही फॉर्ममध्ये हवं. दहा वर्षांचा कामाचा इतिहास मागतात. याज्ञिकी करता, पाठशाळेत शिकवता, तर तसं लिहा, कधीपासून तेही लिहा. दक्षिणेची पावती नसते म्हणून "बेरोजगार" लिहिणारे मी पाहिले आहेत, आणि मग खिडकीवर प्रश्न येतो: दोन वर्षं घर कसं चाललं? पौरोहित्याशी संबंध नसलेला दुसरा उद्योग सुरू केला असेल तर तोही लिहा, पण त्याआधी वकिलांशी बोला. पुजारी म्हणून जाणाऱ्यानं केवळ त्याच कामासाठी जावं अशी कायद्याची अपेक्षा आहे, त्यामुळे त्या उद्योगाचं पुढे काय करणार याचं खरं उत्तर तयार हवं.

घरी बसून करण्यासारखं एक काम सांगते. आर-१साठी भरलेला जुना डीएस-१६०, आय-३६०ची प्रत आणि आत्ताचा डीएस-२६०, तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिल घेऊन तारखा ताडून बघा. अधिकाऱ्याला जुने अर्जही दिसतात. डीएस-१६०त "२०१२ ते २०१६ सहायक पुजारी" आणि डीएस-२६०त त्याच काळात "पाठशाळेत विद्यार्थी", असं निघालं तर त्यातलं खरं काय ते आत्ता ठरवा. दोन्ही खरं असू शकतं, सकाळी पाठशाळा आणि संध्याकाळी देऊळ. मग तसं लिहा. सोळाव्या वर्षानंतरचे सगळे पत्तेही विचारतात, त्यात गुरुगृही राहिलेली वर्षं गळतात. आणि गेल्या पाच वर्षांतले फोन, ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती. यूट्यूबवर स्तोत्रांचं चॅनेल चालवत असाल तर तेही त्यात आलं.

ईमेलवरून आठवलं. एनव्हीसीकडे कोणाचा पत्ता आहे? फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाचा किंवा तिकडे असताना वापरलेला, आता बंद पडलेला असेल तर आजच बदला. मुलाखतीचं पत्र तिथेच येणार. व्हिसा उपलब्ध असल्याची सूचना निघाल्यावर वर्षभर तुम्ही काहीच हालचाल केली नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झालं असं दाखवून ती परत मिळवता येते, पण त्यालाही मुदत आहे. म्हणून फाइल झोपलेली असली तरी वर्षातून एकदा तरी खात्यात लॉग-इन करा किंवा लेखी विचारणा करा, आणि उत्तर जपून ठेवा.

म्हणजे तुमच्यापुरता क्रम असा लागतो: ईमेल आणि मुलगी आत्ता; मुलगा, पासपोर्ट, पत्ता, वहिनींची नावं, कामाचा इतिहास हे सगळं एकत्र करून एकदाच; पीसीसी आणि देवळाचं पत्र तारीख जवळ आल्यावर. त्यानंतर सापडलेली एखाद्या स्पेलिंगची चूक खिडकीवर, शपथेआधी सांगितली तरी चालते.

एकदाच म्हणते याला कारण आहे. सबमिट केलेला फॉर्म कुलूपबंद असतो. एनव्हीसीच्या वेबसाइटवरच्या चौकशी-फॉर्ममधून केस नंबर (मुंबईचा असल्यानं बीएमबीनं सुरू होणारा), इनव्हॉइस नंबर, तुमचं नाव आणि जन्मतारीख देऊन तो उघडून मागावा लागतो. उघडला की बदल करून पुन्हा सही करून सबमिट करायचा, नाहीतर तो तसाच अर्धवट राहतो, आणि अर्धवट राहिलेले फॉर्म मी कमी पाहिलेले नाहीत. दर महिन्याला एकेका ओळीसाठी हे करत बसू नका. सबमिट करण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. फाइल मुंबईला पोहोचली असेल तर हीच विनंती कॉन्सुलेटकडे जाते. आणि देवळाचे वकील अजून तुमच्या फाइलवर असतील तर विनंती त्यांनीच करावी. एकाच विषयावर तुम्ही एक, वकील दुसरं आणि मेहुणे तिसरं लिहिणं टाळा.

मेडिकल मात्र आत्ता करू नका. ते साधारण सहा महिनेच चालतं, आणि मुलाखतीचं पत्र आल्यावर त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करायचं असतं. बाळाचं लसीकरणाचं कार्ड तेवढं नीट भरून घेत चला, तिथे ते मागतात.

एक बघून सांगा: मंजुरीच्या पत्रावर तुमचा वर्ग "मिनिस्टर" आहे की इतर धार्मिक कर्मचारी? पुजाऱ्यांसाठीचा पहिला वर्ग कायमचा आहे. दुसऱ्याला अमेरिकन काँग्रेस थोडी थोडी मुदतवाढ देत असते, आणि मुदत संपलेल्या काळात त्याचे व्हिसा निघत नाहीत. तुमचा दुसरा असेल, तर देवळाचं पत्र आणि पीसीसी कधी काढायचं याचं गणित मी वेगळं सांगेन.